‘रन’ म्हणजे नक्की काय काय? एका मेलमध्ये तीनदा आला आणि तिन्ही वेळा वेगळा

अंबड_सेटर :

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं सेटिंग करतो, चौदा वर्षं झाली या लाईनीत. शाळा मराठी, पुढे आयटीआय. ड्रॉइंग पूर्ण वाचतो, मशीनचं मॅन्युअलपण वाचतो, पण इंग्लिश मेल आला की एकेक शब्द धरून बसावं लागतं. त्यातल्या एकाच शब्दाने सध्या घरी आणि कंपनीत दोन्हीकडे अडवलंय म्हणून इथे टाकतोय.

मागच्या सोमवारी सुपरवायझर सुट्टीवर होते आणि परदेशातल्या कस्टमरचा मेल माझ्याकडे आला. जसाच्या तसा लिहितो, “द लास्ट लॉट रॅन शॉर्ट. प्लीज चेक द रनआउट अँड रन द बॅलन्स क्वांटिटी धिस वीक.” पहिलं वाक्य वाचून मला वाटलं जॉब, म्हणजे आम्ही बनवलेले शाफ्ट, लांबीला शॉर्ट गेलेत, म्हणजे अंडरसाइज. छातीत धस्स झालं कारण सेटिंग माझं होतं. पुढच्या लॉटचे तयार १८० शाफ्ट काढले आणि एकेकाची लांबी व्हर्नियरने मोजत बसलो, अर्धी शिफ्ट गेली, सगळे टॉलरन्समध्ये. मग क्वालिटीच्या मॅडम आल्या, मेल वाचला आणि म्हणाल्या अहो दादा लांबी नाही, नग कमी पडलेत असं म्हणतोय तो. खरंच डिस्पॅचला एक क्रेट तशीच राहिलेली होती.

तर त्या दोन ओळीत रन तीनदा. पहिला म्हणजे कमी पडणे. दुसरा रनआउट, तो मला झोपेत पण कळतो, जॉब मशीनच्या चकला पकडायचा, मोजायचा डायल शून्यावर आणायचा, हाताने फिरवायचा आणि काटा जितका हलतो तितका जॉब आउट फिरतोय. तिसरा म्हणजे मशीनवर काढणे.

घरी तीच तऱ्हा. मुलगी नववीला आहे, सेमी इंग्लिश. तिच्या वर्कबुकात चार वाक्यं, नाकाचं, दुकानाचं, नदीचं आणि बसचं, चारी ठिकाणी रन. तिने विचारलं पप्पा रन म्हणजे धावणे ना, मग नाक कसं धावेल? मी तिला सांगितलं विचारून सांगतो. तेव्हा प्रश्न असा की या शब्दाचे एकूण अर्थ किती, ते सगळे पाठ करायचे का, की आत काही सूत्र आहे ज्याने पोरीला एकदाच समजावता येईल?


घासबाजार_नव्हे_गंगापूररोड :

दादा, मी बावीस वर्षं कॉलेजला इंग्लिश शिकवलं, आता रिटायर झालेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहीन, चालवून घ्या.

आधी हे सांगते की तुमचं चुकलं ते उगाच नव्हतं. इंग्लिशमध्ये बुटांबद्दल ‘दीज शूज रन स्मॉल’ असं सर्रास म्हणतात, म्हणजे हे बूट मापाला लहान येतात, एक नंबर मोठा घ्या. म्हणजे मापाबद्दल बोलताना रन येतोच आणि तुम्ही दिवसभर मापातच असता. फक्त ‘रन शॉर्ट’ ही जोडी ठरून गेलेली आहे, साखर कमी पडली, पैसे कमी पडले, नग कमी पडले. ती जोडी माहीत नसेल तर तुम्ही लावलात तो अर्थ लावणं अगदी स्वाभाविक आहे.

आता किती अर्थ. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश कोशाचं नव्याने संपादन चाललंय त्यात नुसत्या ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर जवळजवळ नऊ महिने बसले होते, २०११ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली होती. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ. म्हणजे बघा, तुम्ही सेट करता आणि रन करता, इंग्लिशच्या दोन सगळ्यात अवाढव्य शब्दांत तुमची शिफ्ट जाते.

पण ६४५ ऐकून घाबरू नका, आणि पाठ तर अजिबात करायला लावू नका पोरीला. कोशवाले फार बारीक चाळणीने चाळतात. माणूस धावतो तो एक अर्थ, घोडा धावतो तो वेगळा, शर्यतीत धावतो तो अजून वेगळा.

नाकाचा प्रश्न मात्र मला फार आवडला, तिला शाबासकी द्या. आपण शाळेत रन म्हणजे धावणे असं एकच पाठ करतो आणि बाकीचे अर्थ मागाहून कुणीतरी चिकटवले असं समजतो. तसं नाहीये. जुन्या इंग्लिशमध्ये ‘रिनन’ असा शब्द होता, त्याचा अर्थ धावणेपण आणि वाहणेपण. जर्मनमध्ये हे दोन भाऊ आजही वेगळे राहतात, रेनन म्हणजे धावणे आणि रिनन म्हणजे पाणी ओघळणे. इंग्लिशमध्ये दोघं एकाच घरात राहिले. म्हणजे नाक धावत नाहीये, वाहतंय, आणि हा अर्थ धावण्याइतकाच जुना आहे.

पोरीला एक चित्र द्या. कुणी अडवलं नाही तर आपलं आपण पुढे पुढे जात राहणं, हे ते चित्र. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तिला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, घेऊन जा, दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कसं एकसारखं चाललेलं असतं ते दाखवा. तसंच मशीन एकदा चालू केलं की फिरत राहतं, दुकान रोज उघडतं आणि चालत राहतं, बस ठरल्या रस्त्याने ये-जा करत राहते. नवी लाल ओढणी पांढऱ्या शर्टाबरोबर भिजवली की लाल रंग पसरत जातो, तिथेही ‘द कलर रॅन’. आपण म्हणतो रंग गेला. आणि रस्ता तर जागचा हलत नाही तरी आपण विचारतोच ना, हा पेठ रोड पुढे कुठे जातो? इंग्लिशमध्ये तोही रन होतो.

एक युक्ती. रन दिसला की धावणे हा शब्द बाजूला ठेवायचा आणि समोर कोण आहे ते बघायचं. नाक, नळ, नदी असेल तर वाहणे. मशीन, बस, दुकान, संस्था असेल तर चालणे किंवा चालवणे. कालिदास कलामंदिरात एखादं नाटक वर्षभर चाललं, तिथे पण चालणेच. आपलं ‘चालणे’ त्याच्या खूप जवळ आहे, कारण आपल्याकडे पण दुकानाला पाय नसतात तरी ते चालतं, आणि ‘चालेल का?’ यात तर कुणीच कुठे जात नाही.

आणि तिला सांगा की आपल्या भाषेत सुद्धा असे शब्द आहेत. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, गाडी लागते आणि उलटी होते, दूध खाली लागतं, दहावीचा निकाल लागतो, संध्याकाळी दिवे लागतात, आंबा झाडाला लागतो, मुलगा नोकरीला लागतो, आणि मला जावं लागतं. माझ्याकडे एक केरळी मुलगी मराठी शिकायला यायची ती लागणेपाशी रडकुंडीला आली होती. आपल्याला कधी जाणवतसुद्धा नाही.


गोल्फक्लब_ओपनर :

क्रिकेटचं कुणी बोललंच नाही अजून. दादा रनआउट तुमच्याकडे जॉब आउट फिरणं, आमच्याकडे बॅट्समन घरी 😀 शब्द एकच.

आणि एक बघा, चौका मारला तर कुणी धावत नाही, उभ्या उभ्या बॉल सीमेपार जातो, तरी स्कोअरला चार रन. म्हणजे रन ही मोजायची वस्तू झाली, धावायचा संबंध सुटला. मराठीत पण तसंच, चार धावा म्हणतो आपण, धावला कोणी?


दिंडोरी_सेलर :

मी वायनरीत आहे, हार्वेस्टच्या दिवसात आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा ‘फ्री रन’ ऐकू येतं. पहिल्यांदा जॉइन झालो तेव्हा मला वाटलेलं काहीतरी फुकट मिळणार आहे. ते असं असतं की पांढरी द्राक्षं, शेनिन म्हणा सोव्हिन्यॉ म्हणा, क्रश करून आली की प्रेस दाबायच्या आधीच नुसत्या स्वतःच्या वजनाने जो रस खाली येतो तो फ्री रन. कुणी दाबलं नाही, आपोआप आला. नंतर प्रेस लावून जो काढतात तो प्रेस ज्यूस. दोन्ही वेगळ्या टँकला घेतात कारण प्रेसच्या रसात सालीचा तुरटपणा जास्त उतरतो, फ्री रन नाजूक असतो.

ताईंचं वाचलं आणि एकदम जुळलं. फ्री म्हणजे मोकळा, रन म्हणजे वाहिला. अडवलं नाही, ढकललं नाही, आला. सात वर्षं हा शब्द बोलतोय पण फोड आज कळली.


मजकूर_बदलणारा :

ताई, नमस्कार. चित्राचं अर्ध्यापर्यंत पटतं. मी इंग्लिशमधून मराठी करायचं काम करतो, मुख्यतः माहितीपत्रकं आणि करार, आणि माझा अनुभव असा की चित्र डोक्यात ठेवून गेलं की सोपी वाक्यं सुटतात पण जिथे गोची असते तिथे ते फसवतं. ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे. यात काय वाहतंय? द्वारका चौकात एखादा लाल दिव्यात घुसला तर ‘ही रॅन द रेड लाइट’, आपण म्हणतो सिग्नल तोडला. पेपरने बातमी छापली तर ‘रॅन द स्टोरी’. मी तरी हे चित्रावरून नाही शिकलो, वाचून वाचून शिकलो.

माझं मत असं की एकटा रन शिकूच नये, शेजाऱ्यासकट शिकावा. रन शॉर्ट एक तुकडा, रन आउट ऑफ एक तुकडा म्हणजे संपणे, रन इंटू म्हणजे अचानक गाठ पडणे, रन ओव्हर म्हणजे अंगावरून गाडी जाणे किंवा भांड्याबाहेर सांडणे. दादांना उपयोगी पडेल असं एक सांगतो, ‘रनआउट’ एक शब्द असेल तर तुमचा डायलवाला, आणि ‘वी रॅन आउट ऑफ इन्सर्ट्स’ असं असेल तर इन्सर्ट, म्हणजे कटिंग टूलची पाती, संपले. मागे ‘ऑफ’ दिसला की बहुतेक काहीतरी संपलंय.

निवडणुकीचं मला सगळ्यात जास्त आवडतं. अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी रन करतो, ब्रिटिश माणूस ‘स्टँड’ करतो. आणि आपण? निवडणुकीला उभे राहतो. माझ्याकडे एकदा एका लेखाचं आधी कुणीतरी केलेलं भाषांतर तपासायला आलं होतं, त्यात एक बाई ‘अध्यक्षपदासाठी धावली’ असं होतं. सगळे शब्द बरोबर आणि वाक्य पूर्ण मेलेलं. मी ते ‘अध्यक्षपदाची निवडणूक लढवली’ केलं.

दुसरी गोष्ट पोरीसाठी महत्त्वाची आहे. आपण स्वतः इथे रन किंवा रनिंग जसा वापरतो तो सगळाच बाहेर चालत नाही. जुनी गाडी घेताना आपण विचारतो रनिंग किती झालंय, म्हणजे किती किलोमीटर. सुतार म्हणतो इतके रुपये रनिंग फूट. बांधकामवाला म्हणतो दुसरं रनिंग बिल टाकलंय. यातला फुटाचा वापर बाहेरही कळतो, पण गाडीच्या रनिंगला तिकडे ‘मायलेज’ म्हणतात आणि आपण मायलेज म्हणतो ते ॲव्हरेजला. यात चूक कुणाचीच नाही, शब्द आपल्याकडे येऊन इथल्या कामाला लागलाय. फक्त परीक्षेत आणि मेलमध्ये भान ठेवावं.


घासबाजार_नव्हे_गंगापूररोड :

पटलं, शेजाऱ्यासकट शिकावा हे मी वर्गातही सांगायचे, इथे राहून गेलं. तापाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे मी जबरदस्तीने चित्र बसवणार नाही. पण सिग्नलच्या बाबतीत अडवलं असतानाही जात राहणं असं बघितलं तर फार लांब नाही. नववीच्या मुलीला मी आधी चित्र देईन आणि मग तुकडे. नुसते तुकडे दिले की ती यादी पाठ करते आणि पेपर झाला की विसरते, मी हे वर्षानुवर्षं बघितलंय.


निफाडची_सून :

मी एम.ए. मराठी आहे आणि आता पूर्ण वेळ शेती. तुम्ही सगळे रन रन करताय पण आपल्या ‘धाव’कडे कुणाचं लक्ष नाही याचं मला वाईट वाटलं म्हणून लिहिते.

धावणेला पण इंग्लिश रनसारखीच पिल्लं आहेत. रनवेला धावपट्टी, ओझरच्या विमानतळाची म्हणा. रनिंग कॉमेंट्रीला धावतं समालोचन. शिवणातल्या रनिंग स्टिचला धावदोरा, हा तर किती देखणा शब्द आहे, माझी आई गोधडीला धावदोराच घालायची, सुई एकदा खाली एकदा वर आणि टाके एका ओळीत पुढे पळत गेल्यासारखे. धावती भेट आहे. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ यात धाव म्हणजे पळणं कमी आणि पोच जास्त.

आणि दोन धावा अशा आहेत ज्या आता शहरात कुणालाच माहीत नाहीत. एक म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणतात. लोहार ती आधी तापवायचा, तापली की फुगते, मग चाकावर बसवून वरून पाणी ओतायचं की आवळून बसते. दुसरी मोटेची धाव. यातली कुठलीच वस्तू स्वतः धावत नाही, तरी नाव धाव. त्यामुळे त्या लेकराला सांगा की एका शब्दाची इतकी कामं ही काही इंग्लिशचीच मिरास नाही. आपल्याकडे भरपूर आहे, आपण वापरायचं सोडलं म्हणून दिसत नाही.


अंबड_सेटर :

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर मुलीला सगळं वाचून दाखवलं, बायको पण बसली ऐकायला. मुलीने वहीचं एक पान घेतलं आणि वर रन लिहून खाली धावणे न लिहिता जोड्या लिहिल्या, नाक वाहतं, दुकान चालवतो, नदी वाहते, बस धावते. बसला तिने धावणेच ठेवलं, म्हणाली पेपरात पण ‘बस धावणार’ असंच छापतात, आता ते बरोबर आहे का ताई तुम्हीच सांगा, मला तर बरोबर वाटलं.

कंपनीत मेलला उत्तर लिहायचं होतं ते मी स्वतः लिहिलं, मॅडमना फक्त दाखवलं. एवढंच लिहिलं, “वी आर सॉरी द लास्ट लॉट रॅन शॉर्ट. वन क्रेट वॉज नॉट डिस्पॅच्ड. रनआउट इज चेक्ड, विदिन १५ मायक्रॉन. वी विल रन द बॅलन्स बाय फ्रायडे.” तिन्ही रन आपापल्या जागी. मॅडमनी एक अक्षर बदललं नाही. चौदा वर्षांत कस्टमरला माझ्या हाताने गेलेला हा पहिला मेल.

निफाडच्या ताई, चाकाची धाव समजली, तापवून बसवणं म्हणजे आमच्या भाषेत श्रिंक फिट झालं, बेअरिंग आम्ही तसंच बसवतो. पण मोटेची धाव डोळ्यासमोर येत नाहीये. मी सिडकोत वाढलो, मोट कधी पाहिली नाही. मुलगी विचारतेय ती नक्की कुठे असते, विहिरीच्या आत की बाहेर?


घासबाजार_नव्हे_गंगापूररोड :

बस धावते एकदम बरोबर, शंभर टक्के. आणि मेलसाठी अभिनंदन दादा, खूप बरं वाटलं वाचून.


निफाडची_सून :

बाहेर. विहिरीच्या काठावर दगडी बांधकाम असतं, त्याला थारोळं जोडलेलं, मोटेचं पाणी त्यात पडायचं आणि तिथून पाटाला जायचं. त्या काठापासून मागे जमीन उतरती केलेली असते, तीस चाळीस फूट असेल, ती धाव. मोट चामड्याची, भरली की जड. बैल काठापासून उतारावरून खाली जायचे, दोर ताणला जायचा आणि मोट वर यायची. उतार अशासाठी की ओढताना बैलांचं स्वतःचं वजन पण कामाला येतं. मोट रिकामी झाली की बैल उलट पावली मागे सरकत वर यायचे, वळायचे नाहीत, आणि पुन्हा खाली. दिवसभर तेवढ्याच पट्ट्यावर. आमच्या सासऱ्यांनी लहानपणी मोट हाकलेली आहे, ते सांगतात की बैलांना इतकी सवय व्हायची की मोट रिती झाल्याचा आवाज आला की न सांगता मागे सरकायचे.

आमच्या जुन्या विहिरीची धाव अजून आहे. विहिरीवर आता मोटर आहे आणि धावेवर बाभळी उगवल्यात, पण उतार स्पष्ट कळतो आणि काठाच्या दगडावर दोर घासून घासून पडलेली खाच बोट घालता येईल इतकी खोल आहे. उद्या सकाळी पाणी भरायला जाईन तेव्हा खाचेचा आणि उताराचा असे दोन फोटो टाकते, मुलीला दाखवा.